परजीवी कृमींची चेतासंस्था : सूक्ष्म रचना आणि तिचे मर्म

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

पावसाळ्यात ओल्या, सावलीच्या जमिनीवर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली अंकुशकृमीची अळी असू शकते. तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. या अवस्थेत ती काही खातही नाही. अंगात साठवलेल्या अन्नावर ती काही आठवडे तग धरते. तेवढ्या मुदतीत माणसाची त्वचा गाठता आली नाही, तर ती मरून जाते. तरीही शेतमजुराचे पाऊल मातीवर टेकताच ही अळी त्या दिशेने वळते, बोटांच्या बेचक्यातील मऊ त्वचेतून आत शिरते आणि रक्तप्रवाहातून फुप्फुसांपर्यंत व तेथून आतड्यापर्यंत पोहोचते. आतड्यात स्थिरावलेला एकेक कृमी दररोज रक्त शोषतो. अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल या जातीच्या शंभर कृमींमुळे दिवसाला सुमारे १५ ते २० मिलिलिटर रक्त वाया जाऊ शकते. ग्रामीण भागातील स्त्रिया आणि मुले यांच्यातील रक्तक्षयाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

ज्या प्राण्याला डोळे नाहीत, त्याला पाऊल कसे सापडते? आजच्या विषयाचा आरंभ या प्रश्नापासून होतो. परजीवी म्हणजे आयते खाणारा आणि म्हणून ज्ञानेंद्रिये गमावून बसलेला, ऱ्हास पावलेला जीव, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. सूक्ष्मदर्शकाने ती खोटी ठरविली. कृमीची चेतासंस्था लहान आहे, पण ती अपुरी नाही. तिच्याच बळावर तो माणसापर्यंत पोहोचतो, आणि आपली अनेक जंतनाशके त्याला तेथेच गाठतात. कृमीचे सामर्थ्य आणि त्याचे मर्मस्थान ही दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, हे या व्याख्यानाचे मुख्य सूत्र आहे.

मोजून ठेवलेल्या पेशी

परजीवी कृमींचे स्थूलमानाने दोन मोठे गट अभ्यासावे लागतात. पहिला गोलकृमींचा. त्यात ॲस्कॅरिस, अंकुशकृमी, चाबूककृमी आणि हत्तीरोगाचे कृमी येतात. दुसरा चपट्या कृमींचा. त्यात पट्टकृमी आणि पर्णकृमी येतात.

गोलकृमींच्या चेतासंस्थेच्या अभ्यासाला पक्का पाया मिळाला तो आतड्यातील मोठ्या गोलकृमीमुळे, म्हणजे ॲस्कॅरिसमुळे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी १९०८ ते १९१० या काळात या कृमीच्या डोक्याकडील भागाचे पातळ छेद घेऊन ते एकामागून एक साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि तेथील चेतापेशी मोजल्या. त्यांची संख्या १६२ भरली. महत्त्वाची बाब अशी की, या पेशींची संख्या आणि जागा सर्व कृमींत ठरलेली असते. माणसाच्या मेंदूतील अब्जावधी पेशींबाबत असे विधान करता येत नाही.

पुढील संशोधनातून ॲस्कॅरिसच्या संपूर्ण शरीरात सुमारे ३०० (२९८) चेतापेशी असल्याचे निश्चित झाले. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्याची तुलना करता येते. मातीत स्वतंत्रपणे जगणाऱ्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या गोलकृमीच्या उभयलिंगी प्राण्यात ३०२ चेतापेशी असतात. सिडनी ब्रेनर यांनी प्रयोगशाळेत रुजविलेल्या या कृमीच्या चेतासंस्थेचा संपूर्ण आराखडा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो छेद तपासण्यात आले. प्रत्येक छेद मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका पातळ होता. ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना याच कृमीवरील अवयवविकास व पेशीमृत्यूच्या संशोधनाबद्दल २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मातीतील हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब, तर ॲस्कॅरिसची मादी २० ते ३५ सेंटिमीटर. लांबीत दोनशे ते साडेतीनशे पटींचा फरक, एक स्वतंत्र तर दुसरा परजीवी. तरीही चेतापेशी जवळजवळ तितक्याच. परजीवी झाल्यामुळे चेतासंस्था झिजून गेली, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार?

या पेशींची मांडणीही सुटसुटीत आहे. ग्रसनीभोवती चेतावलय असते. त्याला कृमीचा मेंदू म्हटले तरी चालेल. वलयाजवळ पेशींचे गुच्छ असतात. तेथून चेतारज्जू मागे जातात. त्यांतील अधर, म्हणजे पोटाकडील, आणि पृष्ठ, म्हणजे पाठीकडील, हे दोन रज्जू प्रमुख होत. त्यांना जोडणारे आडवे तंतू शरीराला अर्धवर्तुळाकार वळसा घालतात.

डोक्यावरील दोन खळगे

कृमीला बाहेरच्या जगाची खबर मिळते ती संवेदी अंगांमधून. गोलकृमीच्या शरीरावर क्यूटिकलचे, म्हणजे उपत्वचेचे, चिवट आवरण असते. त्यातून बाहेरची जाणीव आत यावयाची तर छिद्र किंवा उंचवटा हवा. तोंडाभोवती ओठांवर बारीक उंचवटे असतात. त्यांना पिटिका म्हणतात. त्यांतील बऱ्याचशा स्पर्श जाणतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सूक्ष्म खळगा असतो, तो ॲम्फिड. शेपटीकडे अशीच एक लहान जोडी असते, ती फॅस्मिड.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲम्फिडची रचना उलगडते. बाहेर एक छिद्र, त्यामागे नलिका आणि नलिकेत सुमारे डझनभर चेतापेशींची टोके. प्रत्येक टोक म्हणजे रूपांतरित पक्ष्माभिका असते. नलिकेला अस्तर देणारी एक आधारपेशी असते आणि छिद्राचे तोंड घडविणारी दुसरी. येथे एक बाब ध्यानात घ्यावी. श्वासनलिकेतील पक्ष्माभिका हलतात आणि कफ पुढे ढकलतात. गोलकृमींच्या शरीरात मात्र हलणारी पक्ष्माभिका नसते. त्यांच्या शुक्रपेशींनाही शेपूट नसते. पक्ष्माभिका हे इंद्रिय त्यांच्याकडे केवळ जाणिवेसाठी उरले आहे.

नलिकेतील सर्व टोके सारखी नसतात. काही सरळ असून छिद्रातून बाहेरच्या ओलाव्याला भिडतात; ती विरघळलेली रसायने ओळखतात. काही मागेच राहतात आणि त्यांचा आकार वेगळा असतो. श्वानांच्या अंकुशकृमीत एका पेशीच्या टोकाला बोटांसारखे असंख्य फाटे फुटलेले दिसतात. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या स्ट्राँगिलॉइडिस स्टरकोरॅलिस या कृमीच्या अळीत त्याच जागी एकावर एक रचलेल्या चपट्या पदरांची रास दिसते. पृष्ठभाग एवढा वाढविण्याचे प्रयोजन काय? संशोधकांनी अळीच्या शरीरातील नेमकी हीच पेशी लेसर किरणांनी नष्ट केली. उष्णतेकडे सरकण्याची अळीची क्षमता त्यामुळे ढासळली. ही पेशी म्हणजे तिचा तापमापक होती.

याच अळीच्या इतर पेशींवरील अशा प्रयोगांतून रसायनांचा माग काढणाऱ्या आणि अळीच्या वाढीची दिशा ठरविणाऱ्या पेशीही ओळखता आल्या. मानवी त्वचेतील युरोकॅनिक आम्लाकडे ही अळी आकर्षित होते, हे २००७ मध्ये दाखविण्यात आले. श्वासातील कार्बन डायऑक्साइडलाही अशा अळ्या प्रतिसाद देतात. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अळी पाऊल पाहत नाही; पावलाची ऊब आणि त्याचा रासायनिक ठसा ती दोन खळग्यांतून ओळखते.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. फॅस्मिड आहेत की नाहीत, यावरून गोलकृमींचे दोन वर्ग पाडण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. ॲस्कॅरिस, अंकुशकृमी आणि हत्तीरोगाचे कृमी फॅस्मिड असलेल्या वर्गात, तर चाबूककृमी व ट्रायकिनेला फॅस्मिड नसलेल्या वर्गात मोडत. डीएनएवर आधारित वर्गीकरणाने ही विभागणी बदलली असली, तरी ओळख पटविण्यासाठी हे लक्षण आजही उपयोगी पडते.

स्नायूच चेतारज्जूकडे जातो

मानवी शरीरात चेतातंतू स्नायूपर्यंत पोहोचतो. गोलकृमीत याच्या उलट घडते. प्रत्येक स्नायूपेशीला एक लांब बाहू फुटतो आणि तो चेतारज्जूपर्यंत जाऊन तेथे संदेश घेतो. गोलकृमीच्या शरीरभित्तीत केवळ लांबीच्या दिशेचे स्नायू असतात. वर्तुळाकार स्नायू नसतात. त्यामुळे पाठीकडील स्नायू आकुंचले की पोटाकडील सैल पडावे लागतात. तरच लाट निर्माण होते आणि कृमी पुढे सरकतो.

ही ताळमेळाची व्यवस्था दोन रसायनांवर चालते. ॲसिटिलकोलीन स्नायूला आकुंचनाचा संदेश देते, गॅबा शिथिल होण्याचा. आतड्यातील अन्नाच्या सतत खाली जाणाऱ्या प्रवाहाविरुद्ध ॲस्कॅरिसला अहोरात्र पोहत राहावे लागते. त्याला चिकटून राहण्यासाठी अंकुशकृमीसारखे दात नाहीत. म्हणूनच हा ताळमेळ बिघडला, तर कृमीला मारण्याचीही गरज उरत नाही; आतड्याची हालचालच त्याला बाहेर नेते.

औषध नेमके कोठे लागते

जंतनाशक औषधांची यादी पाठ करण्याऐवजी ती या रचनेवर बसवून पाहिली, तर सहज लक्षात राहते.

पायरँटेल आणि लेव्हामिसोल ही औषधे ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींना उत्तेजित करतात. कृमीचे स्नायू आकुंचलेलेच राहतात आणि ताठ लकवा येतो. पूर्वी लहान मुलांना सरबताच्या रूपात दिले जाणारे पायपरॅझिन गॅबाच्या मार्गाने काम करते. त्याने कृमी लुळा पडतो. परिणाम विरुद्ध, शेवट एकच.

आयव्हरमेक्टिन वेगळ्या दारातून शिरते. ग्लुटामेटमुळे उघडणारे क्लोराइडचे मार्ग गोलकृमींच्या चेतापेशींत व ग्रसनीच्या स्नायूंत असतात. हे औषध ते उघडे ठेवते. कृमीची ग्रसनी व हालचाल थंडावते. अशा प्रकारचे मार्ग माणसात नसतात, शिवाय हे औषध मानवी मेंदूत सहजी शिरत नाही. त्याची सुरक्षितता यात आहे. जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून या औषधाचा शोध लागला. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा भाग मिळाला.

अल्बेंडाझोल मात्र या मालिकेत बसत नाही. ते बीटा ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, पेशींतील सूक्ष्मनलिका घडू देत नाही आणि कृमीचे ग्लुकोजचे शोषण खुंटते. त्याचा हल्ला चेतासंस्थेवर नसून पेशीच्या सांगाड्यावर असतो. बहुपर्यायी प्रश्नात हा भेद हमखास चकवतो.

रक्तातील सूक्ष्म अळी

हत्तीरोगाच्या निदानातही चेतासंस्थेची सूक्ष्म रचना उपयोगी पडते. टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकाता येथे मानवी रक्तात या कृमीच्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, पाहिल्या. रंगविलेल्या रक्तलेपात अळीच्या अंगभर केंद्रकांचा स्तंभ दिसतो आणि डोक्यापासून काही अंतरावर त्यात एक फिकट खंड दिसतो. तेथे चेतावलय असते. तंत्रज्ञ त्याचा खुणेसारखा उपयोग करतात. वुचेरेरिया बँक्रॉफ्टीच्या शेपटीच्या टोकाशी केंद्रके नसतात, ब्रुगिया मलायीच्या टोकाशी दोन वेगळी केंद्रके असतात. या अळ्या रात्री परिघीय रक्तात येतात, म्हणून सर्वेक्षणासाठी रक्ताचे नमुने रात्री घेतले जातात.

या रोगावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये पुढे आले. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत ते विकसित झाले. ते कृमीवर नेमके कसे काम करते, हे अनेक दशके अस्पष्ट राहिले. रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेच्या साह्याने ते काम करते, एवढे मानले जात असे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते ब्रुगिया मलायीच्या स्नायूंतील टीआरपी प्रकारचे आयनमार्ग उघडते, असे दिसून आले. औषध सापडल्यानंतर सात दशकांहून अधिक काळाने त्याचे एक लक्ष्य समजले.

चपट्या कृमींची शिडी

चपट्या कृमींची चेतासंस्था शिडीसारखी असते. डोक्यात जोडलेले दोन चेतागुच्छ, त्यांतून मागे जाणारे उभे रज्जू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी तिची घडण आहे. पट्टकृमीत हे रज्जू शीर्षापासून शेवटच्या खंडापर्यंत अखंड जातात. पचनमार्ग संपूर्णपणे गमावलेल्या या प्राण्याने चेतासंस्था मात्र सोडलेली नाही. त्याच्या पृष्ठभागात फुगीर संवेदी टोके रुतलेली असतात आणि अनेकांतून एकेक आखूड पक्ष्माभिका बाहेर डोकावते. शीर्षावर ती दाट आढळतात, कारण आतड्याच्या भिंतीला पकड घेण्याचे काम शीर्ष करते.

पर्णकृमींच्या अळ्यांत इंद्रियांची विविधता अधिक दिसते. मेंढ्यांच्या यकृतातील फॅसिओला या पर्णकृमीची पाण्यात पोहणारी पहिली अळी डोळ्यांचे दोन ठिपके बाळगते आणि प्रकाशाकडे जाते. शिस्टोसोमाची माणसात शिरणारी अळी त्वचेची ऊब आणि तिच्यातील लिनोलिक आम्लासारखी मेदाम्ले ओळखते. भारतात हा रोग व्यापक नाही. तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ मध्ये त्याचे केंद्र आढळले होते, ही नोंद परीक्षार्थींनी विसरू नये.

दोन्ही गटांत रसायनांचा अर्थही बदलतो. गोलकृमीत स्नायूला चेतविणारे ॲसिटिलकोलीन शिस्टोसोमात स्नायू शिथिल करते. येथे सेरोटोनिन चेतना देते, आणि चेतापेशींत लहान प्रथिनसाखळ्यांचेही मोठे भांडार असते. प्रतिपिंडांना चकाकणारे रंग जोडून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ही सारी शिडी उजळून दिसते. एका गटावर चालणारे औषध दुसऱ्यावर का चालत नाही, याचा एक उलगडा यातून होतो. चपट्या कृमींवरील प्राझिक्वाँटेल कृमीत कॅल्शियमचा लोंढा आणते आणि त्याचे स्नायू आखडतात. त्याचे लक्ष्य असलेला आयनमार्ग २०१९ मध्ये ओळखला गेला.

प्रतिरोधाचा धडा

मेंढ्या-बकऱ्यांच्या जठरातील हेमाँकस काँटॉर्टस या रक्तशोषक कृमीने अनेक देशांत एकामागून एक औषधे निष्प्रभ केली आहेत. भारतातील कळपांतही अशा प्रतिरोधाच्या नोंदी झाल्या आहेत. आयव्हरमेक्टिनला दाद न देणाऱ्या या कृमीच्या एका वाणाची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या ॲम्फिडमधील चेतापेशींची टोके खुरटलेली व विकृत आढळली. मातीतील कृमीच्या ज्या उत्परिवर्तित वाणांत ॲम्फिडच्या पक्ष्माभिका सदोष असतात, त्यांतील अनेकांनाही हे औषध कमी बाधते. ॲम्फिड हे औषध आत शिरण्याचे एक दार असावे, असा तर्क यावरून मांडण्यात आला. दारच बिघडले, तर औषध बाहेर राहते.

माणसाच्या आतड्यातील कृमींबाबत प्रतिरोधाचे एवढे व्यापक चित्र अद्याप दिसलेले नाही. परंतु कोट्यवधी मुलांना वर्षानुवर्षे एकच औषध देणाऱ्या देशाने त्यावर लक्ष ठेवणे आवश्यक आहे. अल्बेंडाझोलच्या बाबतीत बीटा ट्युब्युलिनमधील एका अमिनो आम्लाचा बदलही पुरेसा ठरतो, हे मेंढ्यांच्या कृमींनी दाखवून दिले आहे.

गोळी आणि चप्पल

राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाला. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांखालील बालकांना अर्धी. हत्तीरोग निर्मूलनासाठी काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन, डायइथिलकार्बामाझिन आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले असून निर्मूलनाचे उद्दिष्ट २०२७ हे आहे.

मात्र गोळी आतड्यातील कृमी काढते. मातीतील अळीचा तापमापक ती बंद करू शकत नाही. गोळी घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या मातीत अनवाणी गेले, तर नवी अळी त्याला शोधणारच. ॲस्कॅरिसची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. उघड्यावरील शौचामुळे ती मातीत व भाजीपाल्यावर पोहोचतात. म्हणून गोळीबरोबर शौचालय, हात धुण्याची सवय आणि पायात चप्पल ही तिन्ही हवीत. नारूच्या बाबतीत देशाने हे करून दाखविले आहे. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि रुग्णांना पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर लढा दिला गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, ॲम्फिड आणि फॅस्मिड ही नावे परीक्षेपुरती पाठ होतील आणि कदाचित विसरलीही जातील. प्रशासनात किंवा आरोग्यसेवेत काम करताना मात्र एवढे स्मरणात असावे की, गोळ्यांच्या वाटपाचा आकडा पूर्ण झाला तरी गावाबाहेरच्या ओल्या मातीत ती अळी ऊब शोधत असते. तिला पाऊल उघडे मिळू नये, ही व्यवस्था उभी करणे माणसाच्या हाती आहे.